शेवटच्या पानावरचा बांगडा

मी आजवर एकही कादंबरी लिहिलेली नाही. फक्त दोन दुरुस्त केल्या आहेत.

ही कामगिरी माझ्याकडे आली ती आईच्या डोळ्यांमुळे. आई चौऱ्याऐंशीची आहे. तिच्या डोळ्यांच्या मागचा पडदा खराब झाला आहे. तिला कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. म्हणजे समोर बसलेल्या माणसाचे कान दिसतात, चेहरा नाही. (काही पाहुण्यांच्या बाबतीत हे तिला सोयीचंच वाटतं, असं ती म्हणते.) पण पुस्तकाला कान नसतात. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आल्यापासून परळच्या वाचनालयाची सभासद असलेली माझी आई एक दिवस पुस्तक मांडीवर घेऊन नुसती त्यावर हात फिरवत बसलेली मला दिसली. मी विमा कंपनीतून नुकताच निवृत्त झालो होतो आणि घरात माझा उपयोग काय, यावर बायकोचं, म्हणजे सुलभाचं, चिंतन चालू होतं. दोघींचेही प्रश्न एकदम सुटले. रोज संध्याकाळी देवाजवळ दिवा लागला की मी आईला तासभर वाचून दाखवायचं, असं ठरलं.

आईची वाचून दाखवण्याबद्दलची मतं कडक आहेत, कारण हे काम तिने स्वतः केलेलं आहे. चाळीच्या गॅलरीत दुपारी बायका तांदूळ निवडत बसायच्या आणि आई त्यांना कादंबऱ्या वाचून दाखवायची. नायिका मेली की सगळ्या बायका रडायच्या. एकदा शेजारची एक बाळंतपणाला टेकलेली बाई म्हणाली, "वहिनी, एवढं मरण तेवढं गाळा हो." आईने गाळलं नाही. पूर्ण मरण वाचलं, वर त्या बाईला पाणी आणून दिलं. "पुस्तकात जा आसा ता वाचूचा," हा तिचा नियम. चाळ जाऊन तिथेच टॉवर उभा राहिला, आम्ही सतराव्या मजल्यावर गेलो, तरी हा नियम काही बदलला नाही.

मी मात्र निराळ्या स्वभावाचा माणूस. मला पुस्तकाबद्दल मतं असतात आणि ती वाचता वाचताच येतात. हल्ली अनेक लेखकांना डोंगर दिसला की आवरत नाही. एका कादंबरीत धुकं तीन पानं चाललं होतं. मी अर्ध्या पानातच ऊन पाडलं. आईला कळलं नाही. पहिली चोरी पचली की माणूस जसा होतो, तसा मी झालो.

सिनेमाचंही काम माझ्याकडेच आहे. आई ऐकते आणि पडद्यावर काय चाललंय ते मी सांगतो. मागे सगळ्यांनी डोक्यावर घेतलेला एक सिनेमा आम्ही घरी लावला. परदेशात बक्षिसं वगैरे मिळालेला. पहिला अर्धा तास त्यात कोणी काही बोलेना.

"आता काय चललाहा?" आई.

"तो खिडकीतून बाहेर बघतोय."

थोड्या वेळाने, "आता?"

"अजून बघतोय."

"बाहेर काय आसा?"

"काही नाही. भिंत."

आई म्हणाली, "तेका सांग, खिडकी लाव आणि जेवून घे."

त्या सिनेमाबद्दल मी वर्तमानपत्रांतून पुष्कळ वाचलं, पण इतकं नेमकं कोणी लिहिलेलं नव्हतं. उलट दोन बहिणी आपली खानावळ बंद करतात, एवढीच गोष्ट असलेला एक साधा सिनेमा आम्हाला फार आवडला. त्यात माणसं सतत बोलतात, भांडी वाजतात, कोणीतरी कोणाला तरी टाकून बोलतं. आईला मला काहीच सांगावं लागलं नाही. शेवटी धाकटी बहीण मोठा टोप घासून पालथा घालते, त्याचा आवाज आईने बरोबर ओळखला आणि डोळ्यांना पदर लावला.

तर पहिली दुरुस्ती. एक रहस्यकथा होती, चांगली जाडजूड. बंगल्यात खून. स्वयंपाकी, माळी, सून, वकील, सगळ्यांवर संशय. आई रोज नवा तर्क लढवायची. मी दुपारी पुढचं चाळून ठेवायचो, तेव्हा पाहिलं तर खुनी निघाला सुरतेहून आलेला कोणी एक मावसभाऊ, जो शेवटची तीन पानं उरलेली असताना पहिल्यांदा कथेत येतो. मला भयंकर राग आला. माझ्या आईने पंधरा दिवस मेहनत घेतली होती! त्या संध्याकाळी मी मावसभावाला सुरतेलाच ठेवला आणि खून माळ्याकडे दिला. आई खूश झाली. "माका पयल्यापासून त्याच्यावरच संशय होतो. हुशार हा लेखक," ती म्हणाली. लेखक खुर्चीत बसून चहा पीत होता.

स्वयंपाकघरातून सुलभाने सगळं ऐकलं होतं. "तुम्ही लेखक कधीपासून झालात? एक दिवस अंगाशी येईल," ती म्हणाली. मी हसण्यावारी नेलं.

मग ती कादंबरी आली. हिच्याबद्दल मला खरंच चांगलं बोलायचं आहे. अलीकडे वाचलेल्यांतली ती सर्वांत चांगली. वाईकडचं एक कुटुंब, विधवा आई आणि तिचा एकुलता मुलगा. लेखिकेने कुठे आवाज चढवलेला नाही. मुलगा हुशार, गोड बोलणारा, आणि सगळं पुढे ढकलणारा. तो परदेशी जायला निघतो, "थोड्या दिवसांत येतो" म्हणतो. आई त्याची पाण्याची बाटली भरून देते. तो येत नाही. बस. शेवटच्या पानावर ती म्हातारी संध्याकाळी दाराची कडी लावते आणि परत काढून ठेवते. मी दुपारी ते पान वाचलं आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो.

त्याचं कारण फक्त साहित्य नव्हतं. आमची मुलगी मुग्धा कॅनडात आहे आणि तिचं बाळंतपण जवळ आलं होतं. मी आणि सुलभा, दोघांनी चार महिने तिकडे जायचं, आणि तेवढे दिवस आईला डोंबिवलीला माझ्या बहिणीकडे, शैलाकडे ठेवायचं, असं आमचं आतल्या खोलीत दार लावून ठरत होतं. आईला अजून सांगितलं नव्हतं. रोज सकाळी मी ठरवायचो की आज सांगू, आणि रोज संध्याकाळी वाचायला बसायचो. अशा वेळी मी तिच्यापुढे बसून, माझ्या तोंडाने, तो मुलगा परत आला नाही हे वाचायचं? मला ते जमेना.

संध्याकाळी शेवटच्या पानावर आलो. स्वयंपाकघरात सुलभा बांगडे तळत होती, त्याचा वास घरभर सुटला होता. मी डोळे पुस्तकात ठेवले आणि बोलत सुटलो. दारात बॅग ठेवल्याचा आवाज झाला. मुलगा परत आला होता. "आई, मी चुकलो," तो म्हणाला. म्हातारीने तव्यावर बांगडा टाकला. दोघं शेजारी बसून जेवली. काटा मांजराला दिला.

आई फक्त "हं" म्हणाली आणि जेवायला उठली. मला वाटलं, तिचा गळा दाटून आलाय. मी स्वतःवर खूश होतो. त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

पंधरा दिवसांनी वाचनालयातून पेडणेकर मॅडमचा फोन आला. आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा सभासद जमतात, एका पुस्तकावर ज्याला जे वाटेल ते बोलतात, मग चहा आणि बटाटावडा. मॅडम सगळं जमवून आणतात. त्या म्हणाल्या, या महिन्याला ती वाईची कादंबरी, लेखिका स्वतः येणार आहेत, आणि आजी सगळ्यांत जुन्या सभासद, तेव्हा त्यांनी बोललंच पाहिजे.

आई म्हणाली, "बोलतंय. माका बोलूचाच आसा."

मी तिला थांबवायचे पुष्कळ प्रयत्न केले. त्या दिवशी लिफ्ट बंद असणार आहे, असं मी आईला सांगितलं. तिने इंटरकॉमवरून वॉचमनला विचारलं. मग मी साहित्यिक मार्गाने गेलो.

"आई, शेवटाबद्दल बोलू नकोस हं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांचा रस जाईल."

"जे वाचल्याशिवाय इले, तेंचो रस पयलोच गेलेलो आसा," आई म्हणाली आणि कपाटातून इरकल लुगडं काढायला सांगितलं.

"अहो, सांगून टाका ना त्यांना," सुलभा मला बाजूला घेऊन म्हणाली. मी म्हटलं, बघू, कदाचित ती नुसतं कौतुक करून बसेल. (तो कादंबरीतला मुलगासुद्धा असाच 'बघू' म्हणायचा, हे मला तेव्हा आठवलं नाही.)

वाचनालयाचा हॉल भरला होता. लेखिका साध्याशा, पन्नाशीच्या, हसऱ्या. पहिल्यांदा एक निवृत्त प्राध्यापक बोलले. "शेवट अंगावर येतो. सुन्न व्हायला होतं," ते म्हणाले. माझ्या शेजारी बसलेली आई पुटपुटली, "अंगावर काय येता? जेवतत तर खरी." मी जोरात खोकलो. दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, शेवट वाचून दोन दिवस अन्न गेलं नाही. आईने माझ्याकडे मान वळवली. मी परत खोकलो. मॅडमनी माझ्यासाठी खोकल्याची गोळी पाठवली.

मग आईला माइक दिला. सभेत ती आपली ठेवणीतली शुद्ध मराठी काढते.

"कादंबरी मला फार आवडली," ती म्हणाली. "तो मुलगा तुम्ही असा उभा केलात की मला वाटलं, याला मी ओळखते. पण बाई, राग मानू नका. शेवट तुम्ही बिघडवलात."

लेखिका हसून म्हणाल्या, "सांगा ना आजी. का बरं?"

"अहो, तो मुलगा येणाऱ्यातला नाही! पहिल्या पानापासून तो तसाच आहे. आणि तुम्ही त्याला शेवटी बॅग घेऊन दारात आणून उभा केलात. का, तर वाचणाऱ्याला बरं वाटावं. बरं, आला तर आला. पण अख्खी कादंबरी ती बाई एकादश्या करते, सोवळ्यातला स्वयंपाक करते, लसणाला हात लावत नाही. आणि शेवटच्या पानावर ती बांगडा तळते? वाईत? एवढ्या संध्याकाळी तिला ताजा बांगडा दिला कोणी?"

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. लेखिकेने आधी प्राध्यापकांकडे पाहिलं, मग मॅडमकडे.

"आजी, असं मी लिहिलेलं नाही," त्या फार हळुवारपणे म्हणाल्या. "तो परत येत नाही."

"येतो," आई म्हणाली. "काटा मांजराला देतात."

त्यानंतर हॉलमध्ये जे झालं ते मला अजून आठवतं आणि अजून बरं वाटत नाही. कोणी काही वाईट बोललं नाही. सगळे एकदम प्रेमळ झाले. मॅडम आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आजी, दमलात का? बसा हं." मागून एक गृहस्थ हलक्या आवाजात म्हणाले, "वयाप्रमाणे होतं. दोन पुस्तकं एकात एक मिसळतात." कोणी पाणी आणलं. ज्या बाईच्या मताला अख्खं वाचनालय वचकून असायचं, तिच्या हातात लोकांनी दोन्ही बाजूंनी धरून पाण्याचा ग्लास दिला.

आईला चेहरे दिसत नाहीत, पण आवाज दिसतात. तिने ग्लास खाली ठेवला. माझ्या बाजूला वळली, आणि सभा विसरून, लहान आवाजात म्हणाली, "बाबू, बांगडोच होतो ना रे? तूच वाचलंस ना?"

आजवर आईने मला कधी स्वतःबद्दल असं विचारलं नव्हतं. तिला भीती वाटत होती. डोळे गेले तेव्हा तिने कुरकूर केली नाही, पण आता डोकंही चाललं की काय, ही ती भीती होती, आणि ती मी तिला घरी बसून, चहा पीत, प्रेमाने आणून दिली होती. मला इतकी लाज माझ्या उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

मी उभा राहिलो. "बांगडा माझा आहे," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे बघू लागले. हे वाक्य वाचनालयात सहसा कोणी बोलत नाही.

"म्हणजे, आईची काही चूक नाही. तिला सगळं बरोबर आठवतंय. शब्द न् शब्द. तिला मी वाचून दाखवतो. शेवटचं पान मी वाचलंच नाही. मी मनाने सांगितलं. घरात बांगडे तळत होते, ते त्यात आले."

मग लेखिका हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मग अख्खा हॉल. प्राध्यापक तर टेबलाला धरून हसत होते. फक्त आई हसत नव्हती. ती विचार करत होती.

"आणि तो खून?" तिने सगळ्यांसमोर विचारलं. आता शुद्ध मराठी संपली होती. "माळ्यान केल्लो तो?"

"तोही मीच."

"मगे खरो कोणी केल्लो?"

"सुरतेच्या मावसभावाने. शेवटी शेवटी येतो."

"तो मातर बरो केलंस," आई म्हणाली. मग ती लेखिकेकडे वळली. "बाई, तुमचं शेवटचं पान जरा तुम्हीच वाचाल? घरच्या माणसावर विश्वास राहिला नाही."

लेखिकेने वाचलं. कडी लावली, कडी काढली. आई मान खाली घालून ऐकत होती. संपल्यावर तिने मान वर केली. "हां," ती म्हणाली. "आता जमलं. मी तुम्हाला उगाच बोलले." लेखिकेने येऊन तिचे दोन्ही हात हातात घेतले. तिला दमलेली समजून नाही, हे मला दिसलं आणि आईला कळलं.

आम्ही टॅक्सीने घरी निघालो. भारतमाता सिनेमा मागे पडल्यावर आई म्हणाली, "कित्याक केलंस रे?"

मग मी सगळं सांगितलं. मुग्धा, चार महिने, डोंबिवली, आतल्या खोलीचं बंद दार.

"शैलानं माका कधीच सांगितला," ती म्हणाली. "मी बॅग पण काढून ठेवलंय. तूच कधी सांगतस ती वाट बघत होतंय."

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"पुस्तकातलो झील आवशीकडे परत येणा नाय, ता बरोबर आसा. तो येणाऱ्यातलो नाय. तू येतलंस."

"कशावरून?" मी विचारलं.

"थंय तुका बांगडो कोण देतलो?" आई म्हणाली आणि ड्रायव्हरला डावीकडे घ्यायला सांगितलं.

आता तिकिटं काढली आहेत. वाचन पुन्हा सुरू झालं आहे, पण नियम कडक झाले आहेत. रहस्यकथेत खुनी पटला नाही तर बदलायची मला परवानगी आहे, मात्र आधी सांगून. बाकी ठिकाणी स्वल्पविरामालाही हात लावायचा नाही. मीही शहाण्यासारखं डोंगरांचं धुकं पूर्ण वाचतो. आई मध्येच डुलकी काढते, पण मी गाळत नाही.

परवा एक नवी कादंबरी संपली. फार गाजलेली. नायक-नायिका चारशे पानं भांडतात, कोर्टात जातात, एकमेकांचं तोंड बघत नाहीत, आणि शेवटच्या पानावर विमानतळावर धावत येऊन मिठी मारतात. मी अक्षर न् अक्षर वाचलं.

"बाबू," आई म्हणाली, "परत सुरू केलंस?"

"अगं नाही. छापलंय तसं आहे."

"सुलभा, जरा बघ गो."

सुलभा हात पुसत आली. तिने चष्मा लावला, पान मोठ्याने वाचलं, पुस्तक उलटून मागे-पुढे बघितलं. "छापलंय, आई. यांनी काही केलेलं नाही."

लेखकाची कीव आल्यासारखी आई म्हणाली, "मगे ह्याची पण आवस डोंबिवलीक जाता आसतली."